पोथी भिंतीवर चढते तेव्हा

कुडाळजवळच्या पिंगुळी गावात परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ साली घरचा गुरांचा गोठा मोकळा करून त्यात संग्रहालय मांडले. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे त्याचे नाव. चित्रकथीच्या जुन्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि वाद्ये तिथे ठेवली आहेत. आलेल्या पाहुण्यांपुढे घरातली माणसेच त्यांचे खेळ करतात. २०२१ साली गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि ‘लुप्त होणारी कला वाचवणारा माणूस’ म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. हा गौरव रास्तच आहे. पण गौरव एकदा झाला की समीक्षा करण्याची गरज कोणाला वाटत नाही. त्या गोठ्यात वस्तू कशा मांडल्या आहेत आणि त्या मांडणीने कलेचे काय होते, हे सहसा कोणी विचारत नाही. हाच प्रश्न मुंबईतल्या एखाद्या मांडणशिल्पाला मात्र आपण आवर्जून विचारतो.

मांडणशिल्प म्हणजे दुरून पाहायची एकेकटी वस्तू नव्हे. जागा, उजेड, आवाज, वेळ आणि आत शिरलेला प्रेक्षक हे सगळे मिळून ती कृती होते. अशी कृती घरी नेता येत नाही आणि विकली जाणेही कठीण. म्हणून आपल्याकडे चित्रकारांनी स्वतःच लहान जागा उभ्या केल्या. दिल्लीत १९९७ साली ‘खोज’ सुरू झाले, मुंबईत कुलाब्याला २०१० साली ‘क्लार्क हाऊस इनिशिएटिव्ह’, तर शेजारच्या गोव्यात २०१४ साली ‘एचएच आर्ट स्पेसेस’. पिंगुळीचा गोठा या यादीत कोणी धरत नाही. वास्तविक गरज तीच आहे. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने देवळांतून होणारे सादरीकरण आटले, तेव्हा कलावंताने स्वतःच्या खळ्यात स्वतःची जागा केली.

आता चित्रकथीकडे पाहू. ही परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. पिंगुळीच्या पोथीत सुटी पाने असतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एका पानाच्या दोन्ही बाजूंना चित्र. कथेकरी मांडी घालून बसतो, पान समोर उभे धरतो आणि तंबोरा, टाळ, हुडुक यांच्या साथीवर प्रसंग गातो, बोलतो. प्रसंग संपला की पान उलटते. पुढचे चित्र येते, मागचे नाहीसे होते. चित्र दिसते ते त्या प्रसंगापुरतेच. प्रेक्षकाला मागे जाता येत नाही आणि पुढे डोकावताही येत नाही. राम वनात निघाला आहे एवढेच त्या घटकेला माहीत असते.

तीच पाने शेजारी शेजारी भिंतीवर लावली की काय होते? सगळी कथा एकदम दिसू लागते आणि म्हणूनच दिसेनाशी होते. एकामागून एक पानांवर तोच राजा, तेच टपोरे डोळे, तीच एका बाजूने काढलेली चेहरेपट्टी. भिंतीवर हे एकसुरी वाटते. शैली ठाशीव आहे, पण पुनरुक्ती फार, असे पाहणारा म्हणतो. ती पुनरुक्ती चित्रकाराची उणीव नव्हे. आकृती ओळखीची ठेवायची आणि हालचाल आवाजाने पुरवायची, अशी ती विभागणी आहे. आवाज काढून घेतला की चित्राचा अर्धा भाग जातो. उरतो तो ‘नमुना’.

कलादालनाच्या पांढऱ्या भिंती निरपेक्ष नसतात, त्या वस्तूला तिच्या काळातून तोडतात, हे ब्रायन ओ’डोहर्टी यांनी १९७६ सालच्या लेखमालेत मांडले. आपल्याकडे तेच दुसऱ्या रीतीने दाखवले नलिनी मलानी यांनी. १९९२ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत ‘सिटी ऑफ डिझायर्स’ या प्रदर्शनासाठी त्यांनी थेट भिंतींवर चित्रे काढली आणि प्रदर्शन संपल्यावर ती पुसली गेली. पुढे त्या रंगवलेल्या पारदर्शक नळकांड्या फिरवून, त्यांवर प्रकाश टाकून भिंतींवर सावल्यांचे खेळ मांडू लागल्या. २०१२ साली कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’त त्यांचे असेच एक काम होते. कापडामागे दिवा ठेवून चामड्याच्या बाहुल्या नाचवणाऱ्या पिंगुळीकराला त्यात नवल वाटले नसते. चित्र क्षणभर उजळावे आणि सरकून जावे, ही युक्ती त्याच्या घरचीच.

पण साम्य दाखवून थांबणे हा सोपा मार्ग झाला. मलानींनी चित्र पुसले ते स्वतःच्या निर्णयाने, आणि त्या पुसण्याला आपण कलाविचार म्हटले. चित्रकथीच्या पोथ्यांची पाने विखुरली, संग्राहकांकडे आणि परदेशी गेली, ती कोणाच्या कलाविचाराने नव्हे, तर पोटापाण्याच्या ओढगस्तीने आणि बघ्यांच्या हौसेने. नागर कलावंताला आपण नष्ट करण्याचे स्वातंत्र्य देतो आणि ठाकर कलावंतावर जतन करण्याचे ओझे टाकतो. त्याने नवे पान रंगवले तर ‘अस्सल नाही’ म्हणतो. जुने जपले तर त्याला राखणदार म्हणून शाबासकी देतो, चित्रकार म्हणून नव्हे. गोठ्यातली भिंत त्या ओझ्यातूनच आली आहे. लोकांना ‘संग्रहालय’ कळते, म्हणून कला संग्रहालयासारखी दिसायला हवी.

यावर व्यवहारी आक्षेप येईल. पर्यटक मालवणच्या वाटेवर अर्धा तास थांबतो, त्याला सबंध आख्यान कोण ऐकवणार? कागद जुना, तो रोज हाताळायचा कसा? दुसरा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर म्हणजे खेळासाठी नवी रंगवलेली पोथी. पहिला आक्षेप मला मान्य नाही. याच जिल्ह्यात जत्रांच्या दिवसांत माणसे दशावतारासाठी रात्रभर जमिनीवर बसतात. वालावलकर, मोचेमाडकर या मंडळ्यांची नावे इथे घरोघरी ठाऊक आहेत. ऐकण्याची सवय सिंधुदुर्गात मेलेली नाही. आपण फक्त पर्यटकाला प्रेक्षक धरले आणि गावकऱ्याला शेजारी.

म्हणून या जागेची खरी ताकद तिच्या भिंतीत नाही, जमिनीत आहे. कोकणातला गोठा म्हणजे बुटके छप्पर, कमी उजेड, सारवलेली भुई. तिथे माणूस आपोआप खाली बसतो आणि समोरच्याच्या हाताकडे पाहतो. चित्रकथीला याहून वेगळे दालन नको. तिथे दर वेळी सगळेच दाखवण्यापेक्षा एकच पोथी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, दिवेलागणीनंतर, आख्यान लागेल तेवढा वेळ घेऊन व्हावी. भिंतीवर काही हवेच असेल तर नुकतेच रंगवलेले एखादे पान असावे, खाली रंगवणाऱ्याचे नाव लिहून. आणि समीक्षकाने जतनाचे आभार मानून परत न फिरता, आजची रेषा कशी पडली, गळा कुठे थकला, पान कुठे लवकर उलटले, हे लिहावे. मलानींच्या सावल्यांबद्दल आपण इतक्या बारकाईने लिहितो. तेवढा मान पिंगुळीच्या कलावंताला द्यायला पद्मश्रीची वाट पाहावी लागू नये.

दिवाळी उलटली की जत्रा सुरू होतील. मालवणला निघालेल्यांनी त्या वाटेवर पिंगुळीला एक सबंध संध्याकाळ ठेवावी आणि आधी कळवून सांगावे, आम्हांला भिंत नको, पोथी ऐकायची आहे.