कॅमेऱ्याची अदब

‘साहिब बीबी और गुलाम’मध्ये भूतनाथ छोट्या बहूच्या दालनात पहिल्यांदा पाऊल टाकतो, तेव्हा आपल्याला छोटी बहू दिसत नाही. दिसतो तो गालिचा. भूतनाथ खेड्यातून कलकत्त्याला आलेला, मोहिनी सिंदूरच्या कारखान्यातला साधा नोकरदार. जमीनदाराच्या हवेलीतल्या सुनेसमोर मान वर करायची त्याची प्राज्ञा नाही. त्याची नाही, म्हणून कॅमेऱ्याचीही नाही. कॅमेरा त्याच्यासारखाच खाली मान घालून चालतो, गालिच्याची नक्षी संथपणे मागे सरकत राहते. तिचा आवाज कानावर येतो, पण तो कुठून येतो हे पाहायची सोय नसते. मग चौकटीत येतात आलता लावलेली दोन पावलं आणि साडीचा काठ. बस्स, इतकंच.

नायिकेला पडद्यावर आणायची हिंदी सिनेमाची एक ठरलेली रीत आहे. आधी पाय दाखवायचे आणि तिथून कॅमेरा सावकाश वर न्यायचा, चेहऱ्यापर्यंत. त्या प्रवासात प्रेक्षकाची नजर काय करते हे सांगायला नको. इथे सुरुवात पावलांपासूनच आहे, पण तो प्रवास नाही. ती नाव विचारते, तो चाचरत सांगतो, बोलता बोलता त्याची नजर उचलली जाते आणि पडदाभर मीनाकुमारीचा चेहरा येतो. पावलं आणि चेहरा यांच्यामध्ये कट आहे. मधला सगळा देह कॅमेऱ्यानं पाहिलेलाच नाही. भूतनाथच्या मनात तिच्याविषयी पुढे जे दाटत जातं, त्यात ओढ आहे, आदर आहे, धाक आहे आणि करुणाही आहे. ते सगळं त्या एका कटानं आधीच ठरवून टाकलेलं आहे. 1962च्या या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून अब्रार अल्वींचं नाव आहे, आणि छायालेखक म्हणून व्ही. के. मूर्तींचं.

मूर्तींचं नाव काढलं की लोक ‘कागज़ के फूल’मधल्या प्रकाशझोतावर येतात. आपणही येऊच. पण झोताच्या दिपवण्यात त्यांचा खरा गुण हरवतो असं मला नेहमी वाटतं. त्यांच्या कॅमेऱ्याला अदब होती. कोण पाहतंय आणि त्याला किती पाहायची मुभा आहे, हे आधी ठरायचं. दिवे मागाहून लागायचे.

मूर्ती मूळचे म्हैसूरचे. 1923चा जन्म. कॅमेऱ्याचं शिक्षण झालं ते बंगळुरूच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये, 1943 ते 1946 या काळात. सिनेमाचं शिक्षण म्हटलं की आपण मराठी माणसं पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटकडे बोट दाखवतो, पण ती 1960ची. त्याच्या कितीतरी आधी बंगळुरूत एका सरकारी पॉलिटेक्निकच्या छताखाली तरुण मुलं भिंगं आणि फिल्मचं रसायन शिकत होती. मूर्ती व्हायोलिनही वाजवत. त्यांच्या ट्रॉलीची चाल पाहताना हे आठवतं: शॉट कुठे सुरू होतो ते कळतं, पण गज कुठे उलटला ते कळत नाही.

दिग्दर्शक गुरुदत्तचा जन्मही बंगळुरूचाच, 1925चा. भेट मात्र मुंबईत व्हायची होती. ‘बाज़ी’च्या (1951) वेळी मूर्ती कॅमेरामन व्ही. रात्रा यांचे सहायक होते. गुरुदत्तनं एक अवघड फिरता शॉट आखला, मूर्तींनी तो स्वतः करून बघायची परवानगी मागितली, आणि तो जमला. पुढच्याच वर्षीच्या ‘जाल’पासून गुरुदत्तचा कॅमेरा मूर्तींच्या हाती आला. ‘बाज़ी’त शंभर मिलिमीटरच्या लेन्सवर घेतलेले चेहऱ्यांचे क्लोजअप पुढे ‘गुरुदत्त शॉट’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ही लेन्स लांबची. चेहरा मोठा हवा तरी कॅमेऱ्याला नटाच्या तोंडाशी जावं लागत नाही. थोडं दूर उभं राहून तो चेहरा जवळ आणतो, नाकडोळे बेढब होत नाहीत, पाठीमागचं सगळं विरघळतं. नटालाही मोकळं वाटतं. माणसाच्या फार जवळ न जाता त्याच्या मनापर्यंत पोचायची ही युक्ती दोघांच्या स्वभावाला चांगलीच मानवली.

आणि मग 1959 साली त्यांनी ही युक्ती चालणार नाही असं माध्यम निवडलं! ‘कागज़ के फूल’ हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. स्कोपची लेन्स चित्र आडवं निम्म्यावर दाबून फिल्मवर घेते आणि प्रोजेक्टरची लेन्स ते पुन्हा ताणते. पडदा उंचीच्या सव्वादोनपटींहून रुंद होतो. त्या काळच्या स्कोप लेन्सचा एक कुप्रसिद्ध दोष होता: अगदी जवळून घेतलेला चेहरा गालफुगी झाल्यासारखा दिसे. शिवाय एवढ्या आडव्या चौकटीत एक चेहरा ठेवला तर दोन्ही अंगांना मोकळी जागा उरते. ती भरायची कशानं? अनेकांनी ती घोड्यांनी, फौजांनी, डोंगरदऱ्यांनी भरली. मूर्तींनी ती भरलीच नाही. दोन माणसांमधलं अंतर दाखवायला इतकी ऐसपैस चौकट पुन्हा मिळणार नाही, हे त्यांनी हेरलं.

‘वक्त ने किया’ हे गाणं पाहा. रिकामा स्टुडिओ. दिग्दर्शक सुरेश सिन्हा आणि त्यानं घडवलेली नटी शांती, गुरुदत्त आणि वहिदा. गीता दत्तचा आवाज आहे, पण कुणाचेही ओठ हलत नाहीत. त्यामुळे कॅमेऱ्याला गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची सक्ती उरत नाही. तो एकाकडे सरकतो, थबकतो, मागे येतो, दुसऱ्याकडे वळतो. निरोप घेऊन आलेल्या तिऱ्हाइतानं दोघांमध्ये घुटमळावं तसा. दोघं एकमेकांपासून लांब, अंधारात अर्धीमुर्धी. आणि त्या अंतराच्या मधोमध वरून तिरपा उतरलेला प्रकाशाचा एक भलाथोरला खांब.

हा खांब दिव्याचा नाही, उन्हाचा आहे. मूर्तींनी स्टुडिओबाहेर एक मोठा आरसा लावून ऊन आत घेतलं, वरच्या कॅटवॉकवर ठेवलेल्या दुसऱ्या आरशावर पाडलं आणि तिथून खाली सोडलं. झोत डोळ्यांना दिसावा म्हणून हवेत थोडा धूर. ही गोष्ट सिनेरसिकांना पाठ आहे. दिवाच का नाही लावला, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. दिव्याचा झोत उगमापाशी निमुळता असतो आणि खाली येताना फाकत जातो. बघणाऱ्याला न सांगता कळतं की वर कुठेतरी दिवा टांगलाय. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण जवळजवळ समांतरच येतात. म्हणून या खांबाच्या कडा पाहा: वरपासून खालपर्यंत रुंदी जवळपास तीच. तो स्टुडिओतल्या कुठल्याही उपकरणातून आलेला वाटत नाही. ज्या वास्तूत सगळंच खोटं, पुठ्ठ्याच्या भिंती, रंगवलेलं आकाश, तिथे ही एकच खरी वस्तू आत आलेली आहे.

आणि खरी वस्तू ऐकत नाही. सूर्य दर चार मिनिटांना एक अंश सरकतो. आरसा एक अंश हलला तर झोत दोन अंश हलतो. म्हणजे शॉटची तयारी रेंगाळली की खांब जागेवरून हटला. आरसे पुन्हा लावायचे, नटांच्या जागा पुन्हा पाहायच्या. गाण्यात एका क्षणी दोघांच्या देहांतून त्यांच्या पारदर्शक आकृती बाहेर पडतात, चालत येतात आणि त्या प्रकाशात भेटतात. देह आपापल्या जागी तसेच. ही दुहेरी छपाईची करामत त्या काळीही नवी नव्हती, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती ती बाळबोध वाटली असती. इथे ती शोभते, कारण मधलं अंतर आधी पुरेसं सोसायला लावलेलं आहे.

एक तक्रारही नोंदवतो. ‘कागज़ के फूल’मध्ये काही ठिकाणी कॅमेरा पात्रापेक्षा स्वतःच्याच दुःखात रमतो, क्रेन गरजेपेक्षा उंच जाते. ‘प्यासा’त (1957) तसं होत नाही. स्वतःच्याच स्मृतिसभेला आलेला विजय (गुरुदत्त) सभागृहाच्या दारात उभा राहतो, हात चौकटीला टेकवून, पाठीमागून उजेड. चेहरा काळा. लोक माना वळवून बघतात आणि ज्याला ते मेलेला समजतात त्याची फक्त आकृती त्यांना दिसते. नटाच्या सगळ्यात मोठ्या प्रसंगी त्याच्या चेहऱ्यावर उजेड न टाकणं, तेही तो नट स्वतः दिग्दर्शक असताना! इथे दोघांचीही छाती दिसते.

उजेड न टाकण्याची खरी कमाल पाहायची तर पुन्हा ‘साहिब बीबी’कडे यावं लागतं. जमीनदाराच्या मैफलीत मिनू मुमताज नाचते. तिच्याभोवती इतर नर्तकी आहेत, गिरक्या घेतात, हात उंचावतात. पण त्यांतल्या एकीच्याही चेहऱ्यावर प्रकाश नाही. त्या नुसत्या सावल्या आहेत. हे वाटतं तितकं सोपं नाही. मागची भिंत उजळलेली हवी, तेव्हाच सावल्या उठून दिसणार. मुख्य नर्तकी सतत जागा बदलते, तिचा उजेड शेजारणीच्या गालावर सांडता कामा नये. त्यासाठी दिव्यांपुढे काळे कटर लावून एकेका झोताची कड छाटावी लागते आणि प्रत्येक नर्तकीची पावलं खडूच्या खुणेला बांधलेली असावी लागतात. परिणाम असा की रंगेल जमीनदाराला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं: एक चेहरा, बाकीच्या बायका म्हणजे अंधार. हवेलीत छोटी बहू कुठे बसली आहे, हे त्या सावल्या सांगून जातात.

बंगळुरूच्या त्याच पॉलिटेक्निकमधून 1962 साली एक विद्यार्थी बाहेर पडला आणि मूर्तींचा सहायक झाला: गोविंद निहलानी. त्यांनी स्वतंत्रपणे छायालेखन केलेला पहिला चित्रपट मराठी होता, विजय तेंडुलकरांच्या नाटकावरचा, सत्यदेव दुबे यांचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1971). पुढे तेंडुलकरांच्याच पटकथेवरच्या ‘आक्रोश’चं (1980) दिग्दर्शन आणि छायालेखन दोन्ही त्यांनी केलं. लहान्या भिकू चित्रपटभर जवळजवळ गप्पच. ओम पुरीच्या त्या चेहऱ्यासमोर कॅमेरा उत्तराची घाई करत नाही, फक्त थांबतो. गालिच्यावरून मान खाली घालून चालणाऱ्या कॅमेऱ्याशी त्याचं नातं मला स्पष्ट दिसतं. 1988च्या ‘तमस’साठी गुरुशिष्यांनी कॅमेरा मिळूनच सांभाळला.

‘कागज़ के फूल’ आणि ‘साहिब बीबी’, दोन्हींसाठी मूर्तींना फिल्मफेअर मिळालं. 2008 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना जाहीर झाला. तो मिळवणारे ते पहिले छायालेखक. एप्रिल 2014मध्ये बंगळुरूतच ते गेले.

झोत की गालिचा, असं कुणी विचारलं तर मी गालिच्याच्या बाजूचा. झोताला सूर्याची साथ होती. गालिच्यापाशी फक्त संयम होता. वाचकाला एक सांगणं मात्र ‘कागज़ के फूल’विषयीच आहे. तो पाहायला घ्याल तेव्हा पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत ना, ते आधी बघा. टीव्हीचा चौकोन भरावा म्हणून दोन्ही बाजू छाटलेली प्रत असेल तर ती पाहू नका. त्यात गुरुदत्त आणि वहिदा एकमेकांच्या जवळ उभे दिसतील.