केन्स यांची तहमीमांसा

पॅरिस परिषदेतील ब्रिटिश अर्थखात्याचे प्रतिनिधिपद सोडून केन्स यांनी १९१९ च्या डिसेंबरात ‘द इकॉनॉमिक कॉन्सिक्वेन्सेस ऑफ द पीस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील क्लेमांसो, विल्सन व लॉइड जॉर्ज यांची व्यक्तिचित्रे विलक्षण प्रभावी आहेत. परंतु ग्रंथाचे वैगुण्यही तेथेच आहे. जर्मनीवरील तह जणू या तिघांच्या स्वभावातून घडला, अशी समजूत त्यांमुळे दृढ होते. वस्तुतः जेते फ्रान्स व ब्रिटन हे स्वतःच अमेरिकेचे ऋणको होते. युद्धऋणे रद्द करावीत, असे केन्स अखेरच्या प्रकरणात सुचवितात खरे. पण परिषदेच्या चित्रणात त्या ऋणांना महत्त्व मिळत नाही. १९२१ मध्ये भरपाई १३,२०० कोटी सुवर्ण मार्क ठरली, तेव्हा क्लेमांसो व विल्सन अधिकारावर नव्हते. व्यक्ती गेल्या, मागणी उरली. तिचा उलगडा व्यक्तिचित्रांपेक्षा त्या अखेरच्या प्रकरणातच अधिक होतो.