लेमन फ्रॉस्ट: जनुक ‘सापडलं’ म्हणण्याआधी

लेपर्ड गेको ही पाळीव पाल. तिचा ‘लेमन फ्रॉस्ट’ हा पांढरट-पिवळा प्रकार पाळणाऱ्यांना फार आवडला. पण या पालींच्या कातडीवर पांढऱ्या गाठी येऊ लागल्या. प्रकाश परावर्तित करणाऱ्या इरिडोफोर पेशींचेच ते ट्यूमर. रंग आणि आजार, दोन्ही एकाच म्युटेशनमुळे.

२०२१ मध्ये ‘प्लॉस जेनेटिक्स’मध्ये यावर पेपर आला. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते सँपल: ब्रीडरकडच्या मोठ्या कॉलनीची वंशावळ वापरून लिंकेज ॲनालिसिस केलंय, आणि त्यातून स्पिंट-१ या जनुकाकडे बोट जातं.

पण इथे जरा थांबा. लिंकेज जागा दाखवतं, कारण सिद्ध करत नाही. पालीत हेच जनुक मुद्दाम बिघडवून तोच रंग येतो का, हा प्रयोग पेपरात नाही. बराचसा आधार माणूस, उंदीर आणि झेब्राफिशमधल्या माहितीचा आहे. लेखकांनीही ‘प्रबळ उमेदवार’ एवढंच म्हटलंय. आपण मात्र सेमिनारमध्ये बिनधास्त ‘जनुक सापडलं’ म्हणून मोकळे होतो.

लिटरेचर रिव्ह्यू लिहाल तेव्हा ‘उमेदवार’ हा शब्द गाळू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येऊ शकतो.