फुटबॉलची लोकप्रियता आणि 'अमेरिकी अपवाद' : कोल्हापूर व बीड यांच्या संदर्भात एक चिकित्सा

१. प्रस्तावना

साऱ्या जगाला वेड लावणारा फुटबॉल अमेरिकी माणसाला का भावला नाही, हा प्रश्न क्रीडाविषयक लेखनात अनेक वर्षांपासून विचारला जात आहे. दर चार वर्षांनी विश्वचषक स्पर्धा आली की त्याची पुनरावृत्ती होते. तथापि या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. एका बाजूला अमेरिका आणि दुसऱ्या बाजूला फुटबॉलप्रेमी असे एकसंध 'उर्वरित जग', अशी विभागणी त्यात आधीच मान्य केलेली असते. आपण ज्या देशात राहतो तो देश या विभागणीत कोठे बसतो, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडा या देशांतही फुटबॉल हा पहिल्या क्रमांकाचा खेळ नाही. इतके अपवाद असतील तर मुळात नियम कोणता, हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे.

या विषयावरील सर्वांत भक्कम मांडणी आंद्रेई मार्कोविट्स व स्टीव्हन हेलरमन यांनी 'ऑफसाइड : सॉकर अँड अमेरिकन एक्सेप्शनॅलिझम' (२००१) या ग्रंथात केली आहे. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा महाराष्ट्रातील दोन जिल्ह्यांच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांपैकी कोल्हापूर हे फुटबॉलवेडे म्हणून ओळखले जाते. दुसरा जिल्हा बीड असून तेथे या खेळाची तशी परंपरा निर्माण झाली नाही. राज्य एक, भाषा एक, कुस्तीची आवडही एक. तरीही हा फरक का पडला, या प्रश्नाच्या उत्तरातून मूळ अमेरिकी प्रश्नावरही काही प्रकाश पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२. 'क्रीडा-अवकाशा'ची संकल्पना

वेर्नर झोम्बार्ट या जर्मन विचारवंताने १९०६ मध्ये अमेरिकेत समाजवाद का नाही, असा प्रश्न विचारला होता. त्याच धर्तीवर मार्कोविट्स व हेलरमन अमेरिकेत फुटबॉल का नाही, असे विचारतात. त्यांच्या मते प्रत्येक औद्योगिक समाजात खेळांसाठी एक मर्यादित अवकाश असतो. साधारणपणे १८७० ते १९३० या काळात तो भरला जातो आणि एकदा भरला की नव्या खेळाला तेथे शिरकाव करणे कठीण होते. अमेरिकेत हा अवकाश बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल व बास्केटबॉल या तीन खेळांनी आणि अर्ध्या मापाने बर्फावरील हॉकीने व्यापला. लेखकद्वय यांना 'साडेतीन' खेळ म्हणतात. साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठे मानणाऱ्या मराठी वाचकाला हा हिशेब परका वाटू नये.

या मांडणीचा आधार ठोस आहे. १८६९ मध्ये प्रिन्स्टन व रटगर्स या महाविद्यालयांत झालेला सामना आजच्या फुटबॉलला जवळच्या नियमांनी खेळला गेला होता. १८७३ मध्ये काही महाविद्यालयांनी एकत्र येऊन तशाच स्वरूपाचे सामायिक नियम ठरविले. परंतु हार्वर्डने त्या बैठकीस जाण्याचे नाकारले. पुढील वर्षी हार्वर्डचा संघ कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठाशी रग्बीच्या पद्धतीने खेळला. १८७६ मध्ये प्रमुख महाविद्यालयांनी रग्बीवर आधारित नियम स्वीकारले आणि १८८० नंतर वॉल्टर कॅम्प यांच्या सुधारणांतून आजचा अमेरिकन फुटबॉल घडला. त्याच १८७६ या वर्षी बेसबॉलची नॅशनल लीग स्थापन झाली. म्हणजे एका देशातील एका खेळाचे भवितव्य ठरविण्यात मूठभर महाविद्यालयांच्या निर्णयाचा फार मोठा वाटा होता. अध्यापकवर्गाने ही बाब विशेषत्वाने लक्षात घ्यावी अशी आहे.

खेळ पाहणे, त्याविषयी वाचणे, बोलणे व वाद घालणे या साऱ्यांना मिळून लेखकद्वय क्रीडासंस्कृती म्हणतात. प्रत्यक्ष खेळणे ही त्यांच्या लेखी निराळी गोष्ट आहे. अमेरिकेत लक्षावधी मुले-मुली फुटबॉल खेळत असूनही तो तेथील क्रीडासंस्कृतीच्या केंद्रस्थानी का आला नाही, हे या भेदामुळे स्पष्ट होते. हा भेद उपयुक्त असून त्याचा उपयोग पुढे बीडच्या संदर्भात करावयाचा आहे.

३. स्वभावविषयक स्पष्टीकरणांची मर्यादा

या ग्रंथाचे एक श्रेय निर्विवाद आहे. राष्ट्रीय स्वभावावर बेतलेली सुलभ स्पष्टीकरणे त्याने निकालात काढली. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, सामने बरोबरीत सुटतात, म्हणून निकालप्रिय अमेरिकी माणसाला तो रुचत नाही, असे म्हटले जाते. परंतु बेसबॉलमध्येही धावा थोड्याच होतात. उलट पाच दिवस चालून अनिर्णित राहणारा कसोटी सामना भारतीय प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे. निकालाची आवड हे कारण खरे असते, तर भारतात फुटबॉलने क्रिकेटवर केव्हाच मात केली असती.

अमेरिकेला हा खेळ जमला नाही, हेही खरे नाही. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकी संघ उपांत्य फेरीत पोहोचला होता आणि १९५० मध्ये ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथे त्याने इंग्लंडला १-० असे नमविले. १९२१ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन सॉकर लीगमध्ये बेथलेहेम स्टीलसारखे कारखान्यांच्या आश्रयावरील बलाढ्य संघ होते. ती लीग १९३० च्या दशकारंभी कोसळली. लीग व राष्ट्रीय संघटना यांच्यात १९२८-२९ मध्ये झालेला संघर्ष आणि त्यापाठोपाठ आलेली महामंदी ही त्याची प्रमुख कारणे होती. खेळ रुजला नाही यापेक्षा रुजू लागलेल्या खेळाचा आधार तुटला, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

मात्र येथेच ग्रंथाची पहिली उणीव जाणवते. अवकाश 'भरला' असे म्हणताना लेखकद्वयाच्या नजरेसमोर प्रामुख्याने पुरुषांचा खेळ आहे. शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा 'टायटल नाइन' हा कायदा १९७२ मध्ये संमत झाला आणि महाविद्यालयांना मुलींच्या खेळांसाठी तरतूद करावी लागली. अमेरिकी महिला संघाने पुढे १९९१, १९९९, २०१५ व २०१९ असे चार विश्वचषक जिंकले. १९९९ चा अंतिम सामना पाहण्यास ९०,१८५ प्रेक्षक उपस्थित होते. भरलेल्या अवकाशात नवी दालने उघडता येतात आणि ती कायद्याने व संस्थांच्या निर्णयाने उघडतात, हे यावरून दिसते. ग्रंथकर्ते महिला फुटबॉलची दखल घेतात. परंतु त्यामुळे मूळ सिद्धान्ताला मुरड घालावी लागते, हे पुरेशा स्पष्टपणे मान्य करीत नाहीत.

४. कोल्हापूर : भरलेल्या अवकाशात आलेला खेळ

अवकाशाच्या सिद्धान्तापुढे कोल्हापूरचे उदाहरण याहूनही मोठी अडचण उभी करते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४-१९२२) कोल्हापूर ही कुस्तीची राजधानी बनली. खासबागचे कुस्ती मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. पेठेपेठेत तालमी होत्या, राजाश्रय होता, प्रेक्षक होते, वस्तादांची परंपरा होती. 'भरलेला अवकाश' म्हणावा तो हाच. सिद्धान्तानुसार येथे फुटबॉलला वाव मिळावयास नको होता.

घडले ते वेगळेच. फुटबॉल येथे तालमीच्या विरोधात आला नाही. तो तालमीतूनच उभा राहिला. आजही कोल्हापुरातील संघांची नावे पाहिली तर हे ध्यानात येते : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांसारखे संघ आहेत. तालीम म्हणजे केवळ व्यायामाची जागा नव्हे. पेठेचा गणपती, पेठेचा मोहरम, पेठेचे भांडण आणि पेठेचा अभिमान यांचे ते केंद्र होय. या तयार संस्थेने नवा खेळ आपलासा केला. त्याला संघटनेची जोड मिळाली ती १९४० मध्ये, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या रूपाने. राजर्षी शाहू स्टेडियमच्या रूपाने हक्काचे मैदान लाभले. संस्थान विलीन झाले तरी तालीम, संघटना व मैदान ही त्रयी टिकली. विश्वचषकाच्या काळात गल्लीबोळांतून ब्राझील व अर्जेंटिनाचे ध्वज फडकतात, त्यामागे दूरचित्रवाणीचे आकर्षण आहेच. परंतु त्याखाली पेठेपेठेतील जुनी चुरस आहे. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला होय.

म्हणून 'अवकाश रिकामा आहे का' या प्रश्नाआधी 'नवा खेळ वाहून आणणारी संस्था कोणती' हा प्रश्न विचारला पाहिजे. खेळ नेहमीच एकमेकांची जागा हिरावून घेत नाहीत; एकाच संस्थेच्या छपराखाली ते नांदूही शकतात. गोव्यातही हेच दिसते. तेथे १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोली येथे हा खेळ आणल्याचे सांगितले जाते. पुढे चर्च, शाळा व गाव यांनी तो वाहिला आणि नंतर साळगावकर, धेंपे यांसारख्या उद्योगघराण्यांनी त्याला आश्रय दिला.

५. बीड : हैदराबादचे अंतर आणि उसाचा हंगाम

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची राजधानी हैदराबाद ही भारतीय फुटबॉलच्या अग्रगण्य केंद्रांपैकी एक होती. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान व १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. राजधानीतील हा बहर बीडपर्यंत का पोहोचला नाही?

तो खेळ शहरातील पोलीस खाते व त्यातील नोकरी यांच्या आधारावर उभा होता, हे एक कारण दिसते. खात्याचा खेळ खात्याबाहेर व शहराबाहेर सहजासहजी जात नाही. दुसरे कारण दळणवळणाचे. परळी वैजनाथला रेल्वे निजामकाळातच आली; जिल्ह्याच्या ठिकाणी, बीड शहरात, ती येण्यास २०२५ साल उजाडावे लागले. तिसरे कारण असे की १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि हैदराबादशी असलेला प्रशासकीय व शैक्षणिक संबंध तुटला.

परंतु सर्वांत मोठे कारण मैदानापेक्षा माणसांशी निगडित आहे. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातून लाखोंच्या संख्येने ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा एक 'कोयता' मोजला जातो आणि लेकरे बरोबर जातात किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी गाव पुन्हा भरते. कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. म्हणजे शाहू स्टेडियमवर पेठा एकमेकींना भिडत असतात, त्याच दिवसांत त्याच जिल्ह्याच्या फडांत बीडची माणसे कोयता चालवीत असतात. एका जिल्ह्याचा खेळाचा हंगाम हा दुसऱ्या जिल्ह्याचा स्थलांतराचा हंगाम आहे. अकरा जणांचा संघ वर्षानुवर्षे टिकण्यासाठी अकरा तरुण एका गावात, एका ऋतूत, सलग राहावे लागतात. ती साधी अट येथील अनेक गावांना पुरी करता येत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. स्थलांतर आड येत असेल तर क्रिकेट कसे रुजले? तोही अकरा जणांचाच खेळ आहे. येथे मार्कोविट्स व हेलरमन यांचा भेद कामी येतो. क्रिकेट खेड्यापाड्यांत आधी आकाशवाणी, वृत्तपत्रे आणि १९८३ च्या विश्वविजयानंतर दूरचित्रवाणी यांच्याद्वारे पोहोचले. पाहणे व बोलणे आधी, खेळणे नंतर. पाहणाऱ्याला एका जागी राहण्याची अट नसते. कोल्हापूरचा फुटबॉल याच्या उलट, खेळण्याकडून पाहण्याकडे गेला. त्याला स्थिर वस्ती लागते.

बीडच्या मातीत गुणवत्ता नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य व २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. पाटोद्याचे राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक विजेते ठरले. बीडच्या सचिन धस याने २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा केल्या. परंतु साबळे यांना घडविले सैन्यदलाने, तर आवारे यांना पुण्याच्या तालमीने. एकट्याने बाहेर पडून कर्तृत्व गाजविता येते. संघ मात्र एकट्याने बाहेर नेता येत नाही.

६. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) 'अमेरिका विरुद्ध जग' ही विभागणी फसवी आहे. लोकप्रियतेतील खरा फरक देशादेशांइतकाच एका राज्याच्या दोन जिल्ह्यांतही आढळतो.

(२) क्रीडा-अवकाशाचा सिद्धान्त स्वभाववादी स्पष्टीकरणांपेक्षा सरस आहे. परंतु तो खेळांकडे केवळ परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणून पाहतो. जुन्या खेळाची संस्था नव्या खेळाची वाहक होऊ शकते, हे कोल्हापूर दाखवून देते.

(३) अवकाश मोकळा असणे पुरेसे नाही. वस्तीचे स्थैर्य व वर्षाचे वेळापत्रक या अटी सिद्धान्तात समाविष्ट केल्या पाहिजेत. औद्योगिक शहरे डोळ्यांसमोर ठेवून झालेल्या मांडणीत त्यांचा विचार होत नाही, कारण तेथे कामगार शहरात स्थिरावला होता.

(४) उत्सवाने खेळ रुजत नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रभर शाळांतून एक दिवस फुटबॉल खेळविण्यात आला, त्यासाठी चेंडूही देण्यात आले. उपक्रम स्तुत्य होता. परंतु एक दिवस आणि एक हंगाम यांत फार अंतर आहे. अमेरिकेने १९९४ च्या विश्वचषकानंतर, १९९६ मध्ये, मेजर लीग सॉकर सुरू केली आणि ती चिकाटीने चालविली, तेव्हा कुठे २०२३ मध्ये मेस्सीसारखा खेळाडू तेथे खेळू लागला.

शेवटी एक बाब नमूद करणे आवश्यक वाटते. अमेरिकेत खेळाची दिशा ज्यांनी ठरविली त्यांत महाविद्यालये अग्रभागी होती. मराठवाड्यातील महाविद्यालयांकडे मैदाने आहेत, क्रीडा संचालक आहेत, विद्यार्थीही आहेत. परंतु आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेळापत्रक सर्वत्र सारखे असते. ज्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याचे वर्ष पावसाळ्यात गावी व हिवाळ्यात फडावर जाते, त्याच्यासाठी जून ते सप्टेंबरचा हंगाम आखणे महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे. पावसात ओल्या मैदानावर खेळता येणारा सांघिक खेळ शोधू गेल्यास फुटबॉलहून सोयीचा दुसरा सापडणे कठीण. आपल्याकडे हा खेळ का नाही, या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांच्या आवडीत शोधण्यापूर्वी आपल्या वेळापत्रकात शोधले पाहिजे.