वस्तू, प्रतिमा आणि बोधिवृक्षाचे रोप

कालिंगबोधि जातकाच्या प्रास्ताविक कथेत एक मार्मिक प्रश्न आला आहे. भगवान चारिकेस गेले असता जेतवनात आलेले उपासक गंधकुटीच्या दारी फुले ठेवून परतत. त्यांच्यासाठी काय करावे, असे आनंदाने विचारले. शारीरिक, पारिभोगिक व उद्देशिक अशा तीन चैत्यांपैकी उद्देशिक चैत्यास वस्तूचा आधार नसतो, तो केवळ मनाने मानलेला असतो, असे भगवंतांनी सांगितले. अखेर महाबोधिवृक्षाचे फळ आणून त्याचे रोप जेतवनाच्या द्वाराशी लावण्यात आले.

वस्तुसंग्रहालयांनी समाजमाध्यमांचा उपयोग कसा करावा, या प्रश्नास आम्ही हीच कसोटी लावू इच्छितो.

पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिस संस्थेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय व स्मारक १९९६ पासून उभे आहे. माईसाहेबांनी सुपूर्द केलेल्या बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू, त्यांचे व्हायोलिन आणि १९९० साली मरणोत्तर मिळालेले भारतरत्न तेथे आहे. नित्य वापरातील या वस्तू पालि परिभाषेत पारिभोगिकच होत. २०२१ साली पुणे महापालिकेत आलेल्या सूस गावाहून पाषाणमार्गे तेथे सहज जाता येते. तथापि तेथील तरुणापर्यंत बाबासाहेब प्रथम पोहोचतात ते मोबाइलवरूनच.

आणि पोहोचते काय? १४ एप्रिल व ६ डिसेंबरला हार घातलेले छायाचित्र आणि त्याखाली ग्रंथ, खंड, पृष्ठ यांचा पत्ता नसलेले वचन. हे उद्देशिकही सदोष होय. संग्रहालयांनीही अशाच शुभेच्छाचित्रांवर समाधान मानले, तर अस्सल वस्तू जवळ असण्याचा लाभ काय?

आमच्या मते, एका वेळी एकच वस्तू दाखवावी. ती कोणाकडून, केव्हा आली, बाबासाहेबांच्या जीवनाच्या कोणत्या काळाशी तिचा संबंध आहे आणि त्यासाठी कोणता ग्रंथ वाचावा, हे स्वच्छ मराठीत सांगावे. वाचकांच्या शंकांना उत्तरे द्यावीत. खोट्या वचनांचे साधार खंडन करावे. अशा मजकुराला पसंतीचे अंगठे कमी मिळतील, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. परंतु राजकारणातील विभूतिपूजेविषयी बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता. त्यांच्याच स्मृतीचे मोल अंगठ्यांवरून ठरवणे अनुयायांस शोभत नाही.

जेतवनातील वृक्ष मूळ बोधिवृक्ष नव्हता, पण त्याच्याच फळातून उगवला होता. पडद्यावरील चित्राचे वस्तूशी नाते तसेच असावे.