डबीतला न वाचलेला कागद

मेहकरच्या एखाद्या औषध दुकानात थोडा वेळ उभे राहून पाहा. दुकानदार पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापतो आणि पाकिटात घालून देतो. डबीतला घड्या घातलेला पातळ कागद दुकानातच राहतो. हा कागदही विज्ञानलेखनच आहे. मग पुस्तकासारखे त्याचेही परीक्षण का करू नये?

जमेची बाजू आधी. कोणती औषधे एकत्र घेऊ नयेत, हे त्यात दिलेले असते. कोविडवरील निर्माट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर या जोडीचे उदाहरण घेऊ. मनोविकारावरील पिमोझाइड तिच्यासोबत वर्ज्य आहे. फेफरे आणि उन्माद-नैराश्य यांवर दिले जाणारे कार्बामाझेपीनही वर्ज्य आहे. यादी एकच, पण कारणे नेमकी उलट! ती इतक्या आखूड परिभाषेत असतात, की जाणकारालाच कळावीत.

वास्तविक गणितातल्या हौदाने हे समजावता येते. रोज घेतलेली गोळी म्हणजे हौदात येणारे पाणी. यकृतातील सीवायपी ३ए४ हे विकर म्हणजे बाहेर जाणारी तोटी. रिटोनाव्हिर ही तोटी आवळते, जेणेकरून निर्माट्रेल्व्हिर शरीरात टिकावे. पण त्याच तोटीतून जाणारे पिमोझाइडही साचते आणि हृदयाची लय बिघडू शकते. कार्बामाझेपीन उलट तोटी मोठी करते. विषाणूविरोधी औषध वाहून जाते. विषाणू मात्र राहतो. कार्बामाझेपीन आज थांबवले तरी वाढलेले विकर कमी व्हायला बरेच दिवस लागतात.

एच.आय.व्ही.वरील डोलुटेग्रॅव्हिर एरवी दिवसातून एकदा ५० मिलिग्रॅम देतात; कार्बामाझेपीन चालू असेल तर दोनदा द्यावे लागते. लिथियमची वाट मात्र मूत्रपिंडातून जाते. म्हणून मूत्रपिंडाला त्रास देऊ शकणारे टेनोफोव्हिर सोबत असेल, तर रक्ततपासणीकडे दुर्लक्ष चालत नाही.

आता दोष. औषध नियमावली, १९४५ नुसार हा कागद इंग्रजीत असतो, अक्षर मुंगीएवढे. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० नाममुद्रांच्या औषधांवर क्यूआर कोड आला. त्यात उत्पादक, तुकडी क्रमांक, मुदत आहे; आंतरक्रियांचा उल्लेख बंधनकारक नाही. बनावट औषध ओळखायला तो उपयोगी, औषध समजून घ्यायला नाही.

सर्वांत मोठा दोष वेगळाच आहे. 'घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगा', असे हा कागद म्हणतो. पण मनोविकार आणि एच.आय.व्ही. हे दोन्ही आजार आपल्याकडे लपवले जातात. माणूस एका आजारासाठी एका गावाला जातो, दुसऱ्यासाठी दुसऱ्या. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात, आणि रोगी मात्र धोक्यात येतो. ज्याला बोलायचीच भीती वाटते, त्याला 'सांगा' म्हणून काय उपयोग?

आपणही 'एक रोग, एक औषध' असेच शिकवत आलो. वर्गात एकदा हौदाचे गणित औषधांवर घालून पाहा. सोबत दोन गोष्टी ठसवा : सर्व चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवून प्रत्येक डॉक्टरला दाखवाव्यात, आणि घाबरून कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. कागदाने सोडलेले काम निदान इतके तरी पुढे जाईल.