रहस्यकादंबरीचे परीक्षण : अनुमानाच्या भाषेचा निकष

नव्या रहस्यकादंबरीच्या परीक्षकापुढे एक विशेष अडचण असते. शेवट सांगितला तर वाचकाचा रसभंग होतो. न सांगता दिलेला निर्णय निराधार वाटतो. परिणामी ‘उत्कंठावर्धक’, ‘खिळवून ठेवणारी’ अशा ठरावीक विशेषणांवर परीक्षण आटोपते. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) सहस्राधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही नावे घरोघर पोहोचली. मराठी समीक्षेने या लोकप्रियतेची नोंद घेतली. तिच्या भाषेचे पृथक्करण मात्र क्वचितच केले.

या अडचणीतून वाट काढण्यास एका निराळ्या प्रकारच्या पुस्तकाचे साह्य होते. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील अभयारण्यात केलेल्या मुक्कामाचे वर्णन होय. ते रहस्यकथा नव्हे. परंतु अरण्यातील निरीक्षण आणि गुन्ह्याचा तपास यांची ज्ञानप्रक्रिया एकाच जातीची आहे. कार्लो गिन्झबर्ग या इटालियन इतिहासकाराने १९७९ मधील आपल्या निबंधात शिकाऱ्याचे मागवाचन व शेरलॉक होम्सची पद्धती यांचे नाते दाखविले आहे. दोहोंत मूळ घटना डोळ्यांआड असते. हाती असतात त्या केवळ खुणा.

खुणेपासून निष्कर्षापर्यंतच्या पायऱ्या मराठी क्रियापदात स्पष्ट उमटतात. ‘वाघ गेला’ हे निश्चित विधान. ‘गेला असणार’ हे दृढ अनुमान. ‘गेला असावा’ हा खुणेवरून केलेला तर्क. ‘गेला असेल’ हा केवळ संभव. आणि ‘गेला म्हणे’ ही ऐकीव वार्ता. ओल्या मातीतील ठसा पाहून जाणता वाटाड्या ‘गेला असावा’ म्हणेल. ठशाच्या कडा ताज्या असतील आणि त्याच दिशेने वानरांचा इशाराही ऐकू आला, तरच ‘असणार’ म्हणेल.

हाच निकष रहस्यकादंबरीस लावता येतो. आरंभी ‘खुनी डावखुरा असावा’ म्हणणारा गुप्तहेर पुढे कोणताही नवा पुरावा नसता ‘खुनी डावखुरा होता’ असे म्हणू लागला, तर तेथे लेखकाने वाचकाची फसवणूक केली आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या दहा नियमांत, गुप्तहेरास सापडलेला दुवा वाचकासही तत्काळ दाखवावा, अशी अट आहे. मराठीत ती अट पाळली गेली की नाही, हे क्रियापदांच्या रूपांवरून बव्हंशी तपासता येते.

याउलट, न्याय्य लपवणुकीची साधनेही मराठीत आहेत. ‘पत्र फाडले’ या कर्मणी रचनेत क्रियापद कर्माप्रमाणे चालते. कर्ता अध्याहृत राहिला तर त्याचे लिंग कळत नाही. ‘दार उघडले’ यात दार आपोआप उघडले की कोणी उघडले, हेही संदिग्ध राहते. अशी वाक्ये खोटी नसतात. सावध वाचकास ती पुन्हा तपासता येतात. इंग्रजी कथानकांच्या रूपांतरांवर पोसलेल्या या प्रकारात स्वभाषेच्या अशा शक्तीचा उपयोग कितपत झाला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

हा निकष सर्वस्वी पुरेसा नाही. पात्रचित्रण व समाजदर्शन यांचे मोल त्याने ठरत नाही. तथापि गुन्हेगाराचे नाव न उच्चारता, लेखकाने वाचकाशी प्रामाणिक व्यवहार केला की नाही, हे परीक्षकास त्यायोगे वाक्यांच्या आधारे दाखविता येते; आणि सहस्रावधी वाचकांनी आवडीने वाचलेल्या वाङ्मयास निदान एवढा विचार मिळावयास हवा.